कॉम्प आणि रेड डॉटचं पिस्तूल कसं पारखावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजवर नव्याने येणारी मुलं, पोलीस खात्यातले ओळखीचे लोक आणि परदेशात स्थायिक झालेले काही गोवेकर हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिथेच येऊन ठेपतात. पिस्तूल एकटं पारखता येत नाही. काडतूस, कॉम्प, डॉट, होल्स्टर आणि चालवणारा हात असा जो संच होतो, परीक्षा त्या संचाची असते. कॉम्प म्हणजे नळीच्या तोंडाशी उसळी कमी करणारा कप्पा आणि डॉट म्हणजे नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारं उपकरण.

माझ्याकडे शस्त्र परवाना आहे. गोव्यात असं पिस्तूल विकत घेता येईल का?

९ मिमीत नाही. जगातली बहुतेक कॉम्पवाली, ऑप्टिक्स-रेडी (डॉट बसवायची सोय असलेली) पिस्तुलं ९×१९ मिमीची असतात आणि सैन्य-पोलिसांचं ९ मिमी काडतूस ज्यात बसतं ते पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) मोडतं. कलेक्टर कचेरीतून मिळणाऱ्या साध्या परवान्यावर ते येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना जवळ बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं झाली आहे, तेव्हा 'एक माणूस ओळखीचा आहे' वगैरे ऐकलंत तर तिथूनच मागे फिरा. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली. कुळागरात रानडुकरं येतात म्हणून घरात वडिलांच्या वेळची बाराबोर असेल, तर तीही या दोनात धरली जाते.

मग हे पान कोणासाठी?

ज्यांना असं शस्त्र सरकारकडून मिळतं किंवा खरेदीच्या चाचणीत मत द्यायचं असतं त्यांच्यासाठी. परदेशात जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे क्लबात खेळणाऱ्यांसाठी. आणि .२२ किंवा .३२ वर सराव करणाऱ्या पण या यंत्रात काय चालतं याची उत्सुकता असलेल्या आपल्या नेमबाजांसाठी.

कॉम्प नेमकं करतं काय?

गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्या मागोमाग जोराचा वायू येतो. कॉम्पेन्सेटर म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला, वरच्या बाजूला खिडक्या ठेवलेला कप्पा. वायूचा काही भाग त्या खिडक्यांतून वर उसळतो आणि त्याच्या उलट नळीचं तोंड खाली दाबलं जातं. कप्प्याच्या पुढच्या भिंतीवर आदळणारा वायू पिस्तुलाला थोडं पुढेही ओढतो, त्यामुळे हाताला बसणारा धक्का जरा मऊ होतो. पण खरा फायदा धक्क्याचा नसून उसळीचा आहे. नळी कमी वर गेली की डॉट काचेबाहेर पळत नाही, आणि पुढची गोळी लवकर व डोळ्याने पाहून मारता येते.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. कॉम्पमुळे नेम सुधारत नाही. पहिल्या गोळीला त्याचा काडीचा उपयोग नाही. ट्रिगर ओढताना मनगट झटकणाऱ्या माणसाच्या हाती कॉम्प दिलं, तर तो चुकीच्याच जागी पण जास्त वेगाने गोळ्या मारेल.

कॉम्पचे प्रकार किती?

मुख्यतः तीन. पहिला, आटे पाडलेल्या लांब नळीवर फिरवून बसवायचा कॉम्प. दुसरा, स्लाइडच्याच, म्हणजे गोळीगणिक मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्याच, पुढच्या टोकात कोरलेला कप्पा. नळी आतच संपते आणि वायू स्लाइडच्या खिडक्यांतून जातो. सिग सावरच्या पी३६५ एक्समॅक्रोमध्ये असं आहे. तिसरा म्हणजे नळीलाच भोकं, जसं ग्लॉकच्या 'सी' मॉडेलमध्ये. भोकांच्या नळीत गोळी बाहेर पडण्याआधीच वायू निसटतो, त्यामुळे वेग थोडा घटतो, आणि नुसत्या शिशाच्या किंवा पातळ मुलाम्याच्या गोळ्या भोकांच्या कडांवर खरवडल्या जातात. ड्यूटीच्या दृष्टीने मला दुसरा प्रकार बरा वाटतो. तो सैल होऊन फिरत नाही आणि पिस्तुलाची लांबीही फारशी वाढवत नाही.

यूट्यूबवर त्याच पिस्तुलाची नळी हलतही नाही, आमच्याकडे मात्र फरक जाणवला नाही. का?

बहुतेक वेळा काडतुसामुळे. हा विषय नीट समजून घ्या, कारण कॉम्पवाल्या पिस्तुलाबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्माला येतात.

कॉम्प वायूवर चालतं. वायू कमी, तर काम कमी. स्पर्धेत काडतुसाचा जोर पॉवर फॅक्टरने मोजतात: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००. आयपीएससी या धावत-पळत खेळायच्या नेमबाजीच्या प्रकारात मायनर, म्हणजे कमी जोराच्या, गटाला किमान १२५ लागतो. आता ११५ ग्रेनची गोळी ११०० फुटांनी गेली तर १२६.५ येतो आणि १४७ ग्रेनची ९०० फुटांनी गेली तर १३२.३. कागदावर दोन्ही पास. पण जड गोळी सावकाश ढकलायला दारू कमी लागते, म्हणून नळीच्या तोंडाशी वायूही कमी उरतो. साध्या पिस्तुलात १४७ ग्रेन मऊ वाटतं, म्हणून लोक तेच कॉम्पमध्ये घालतात आणि मग कॉम्पला नावं ठेवतात. कॉम्पला हलकी, वेगवान गोळी मानवते.

दुसरी बाजू जास्त गंभीर. आटे पाडलेल्या नळीवर कॉम्प बसवलं की नळीचं वजन वाढतं. आजकालच्या बहुतेक पिस्तुलांत स्लाइडबरोबर नळी थोडी मागे येऊन खाली झुकते आणि तिथे कुलूप सुटतं. नळी जड झाली की ही हालचाल मंदावते, शिवाय पुढे ओढणारा वायू स्लाइडचा मागे जाण्याचा जोरही खातो. काडतूस कमजोर असेल तर स्लाइड पुरती मागे जातच नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकली न जाता स्लाइडच्या बाजूच्या खिडकीत उभी अडकते. याला रेंजवर स्टोव्हपाइप म्हणतात. उपाय म्हणून हलकी रिकॉइल स्प्रिंग घालतात. मग तेच पिस्तूल जोरदार काडतुसावर फार आपटू लागतं.

म्हणून नियम सोपा आहे. रोज जे काडतूस मिळणार आहे त्यावरच चाचणी घ्या. आपल्याकडे दलांना सरकारी कारखान्याचं ९ मिमी बॉल, म्हणजे साधं, काडतूस मिळतं. विक्रेत्याने सोबत आणलेल्या परदेशी प्लस-पी, म्हणजे जादा दाबाच्या, काडतुसांच्या डब्यावर घेतलेलं प्रात्यक्षिक बघायला छान, पण निर्णय त्यावर घेऊ नये.

स्पर्धेत हे चालतं का?

कोणत्या स्पर्धेत, यावर आहे. राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं किंवा विजय कुमारने २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायरचं रौप्य मिळवलं, त्या आयएसएसएफच्या, म्हणजे ऑलिम्पिक पद्धतीच्या, खेळात पिस्तुलावर फक्त उघडी साइट चालते. डॉट नाही. २०२३ साली गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली नेमबाजी याच घराण्यातली.

डॉट आणि कॉम्प शोभतं ते आयपीएससीसारख्या धावत-पळत, वेळेवर मोजल्या जाणाऱ्या खेळात. तिथेही गट पाहावा लागतो. ओपन गटात डॉट आणि कॉम्प दोन्ही चालतं. प्रॉडक्शन ऑप्टिक्समध्ये डॉट चालतो, कॉम्प नाही. अमेरिकेतल्या यूएसपीएसए संघटनेच्या कॅरी ऑप्टिक्स गटातही कॉम्पला मनाई आहे. म्हणजे दुकानातून आणलेलं मायनर जोराचं कॉम्पवालं पिस्तूल घेऊन तुम्ही सरळ ओपन गटात जाता, आणि तिथे समोरचे मेजर, म्हणजे जास्त पॉवर फॅक्टरच्या, जोराच्या खास बांधलेल्या पिस्तुलांनी खेळत असतात. मेजरला लक्ष्याच्या कागदावरच्या सी भागातल्या गोळीचे ४ आणि डी भागातलीचे २ गुण मिळतात, मायनरला ३ आणि १. खरेदीआधी हा हिशेब कोणी सांगत नाही. परदेशातल्या आपल्या माणसांना माझा सल्ला असा की कॉम्प काढता येईल असं पिस्तूल घ्या आणि पहिला हंगाम कॉम्पशिवाय खेळा.

'ऑप्टिक्स-रेडी' लिहिलं की कोणताही डॉट बसतो का?

नाही. प्रत्येक डॉटची बैठक, म्हणजे स्क्रूची भोकं आणि खुंट्यांची जागा, वेगळी असते. ट्रिजिकॉन आरएमआर, ल्युपोल्ड डेल्टापॉइंट प्रो, शील्ड आरएमएससी, एमपॉइंट अॅक्रो ही त्यातली नेहमीची नावं. कारखाने बहुधा स्लाइडवर एक खाच देतात आणि मधे पट्टी घालून हवा तो डॉट बसवायला सांगतात. ग्लॉकची २०१५पासूनची एमओएस मॉडेलं अशीच आहेत. पट्टी सोयीची, पण तिच्यामुळे स्क्रूंची दोन मजली व्यवस्था होते आणि डॉट उंच बसतो. एकाच डॉटसाठी थेट खाच पाडलेली स्लाइड जास्त भक्कम.

डॉट बसवताना स्क्रू आणि भोकं तेलमुक्त करा, थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) बारीक थेंब लावा आणि कारखान्याने दिलेल्याच टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. तो बहुधा १२ ते १५ इंच-पाउंडाच्या आसपास असतो. हाताच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू एक तर सुटतो नाही तर तुटतो. मग पांढऱ्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर ओढा. दर सत्रानंतर रेघ बघायची. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर नसतील तर स्क्रू फिरला आहे, आणि त्या दिवशीच्या कागदावरच्या गोळ्यांवरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

उघडा डॉट की बंद डॉट?

गोव्यासाठी बंद. यावर मी फारसा वाद घालत नाही.

उघड्या डॉटमध्ये मागच्या बाजूच्या दिव्यातून निघालेला किरण मोकळ्या हवेतून जाऊन पुढच्या काचेवर पडतो. त्या मोकळ्या जागेत पाण्याचा एक थेंब बसला की ठिपका फुटतो, काचभर लाल डाग दिसतात किंवा काहीच दिसत नाही. वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हा अपवाद नव्हे, चार महिन्यांचा नित्यक्रम आहे. कॉम्पवाल्या पिस्तुलात आणखी एक भर म्हणजे वर उडणारी काजळी पुढच्या काचेवर बसते. बंद डॉटमध्ये, उदाहरणार्थ एमपॉइंट अॅक्रो पी-२ किंवा होलोसन ईपीएस, दिवा दोन काचांच्या मधे बंद असतो. काच ओली झाली तरी बोटाने पुसली की काम भागतं.

धुक्याचा त्रास मात्र दोघांनाही होतो. एसी गाडीतून जुलैच्या दमट हवेत पिस्तूल बाहेर काढलं की काच आतल्या गारव्यामुळे क्षणात पांढरी होते. चाचणीत हे मुद्दाम करून बघा. पिस्तूल अर्धा तास एसीत ठेवा, बाहेर आणा, आणि काच स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो ते लिहा. धुकं न धरणारं द्रव काचेला लावून पुन्हा तेच करा. दिल्लीच्या कोरड्या थंडीत घेतलेली चाचणी तुम्हाला हे सांगणार नाही.

ठिपका किती मोठा घ्यावा?

ठिपका एमओए या कोनाच्या मापात मोजतात. १ एमओए म्हणजे २५ मीटरवर साधारण ७.३ मिमी. म्हणजे ३चा ठिपका तिथे सुमारे २२ मिमी झाकतो आणि ६चा सुमारे ४४ मिमी. जवळच्या वेगवान खेळात मोठा ठिपका लवकर सापडतो. ड्यूटीला ३ ते ४ पुरे. आणखी एक लक्षात ठेवा. डॉट नळीपासून बराच वर असतो, त्यामुळे २५ मीटरवर झिरो केलेलं (नेम आणि गोळी जुळवलेलं) पिस्तूल ३ मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटर खाली मारतं. हा दोष नाही, भूमिती आहे.

मला ठिपका गोल न दिसता चांदणीसारखा दिसतो. डॉट खराब आहे का?

मोबाइलने काचेतून फोटो काढा, पिस्तूल अर्थातच रिकामं करून. फोटोत गोल दिसला तर डॉट ठीक आहे, तुमच्या डोळ्यात अॅस्टिग्मॅटिझम (दृष्टीचा एक दोष) आहे. आधी उजेड कमी करून बघा, मग चष्मेवाल्याकडे जा.

कॉम्पचा फायदा होतोय की नुसता भास, हे मोजायचं कसं?

शॉट टायमर (गोळीच्या आवाजावरून वेळ मोजणारं घड्याळ) आणि वही. 'हातात मऊ वाटतं' हे मत झालं, माप नव्हे.

एकच माणूस, एकच काडतूस, एकच अंतर. ७ मीटरवर सहा गोळ्यांची मालिका घ्या. आधी कॉम्पशिवाय, मग कॉम्पसह, पुन्हा कॉम्पसह, शेवटी कॉम्पशिवाय. हा क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्या कॉम्पच्या मालिका शेवटी ठेवल्या तर हात तापल्याचा फायदा कॉम्पच्या खात्यावर जमा होतो आणि सगळ्या आधी ठेवल्या तर दमल्याचा तोटा दुसऱ्याच्या नावावर पडतो. दोन गोळ्यांमधला वेळ आणि कागदावरची जागा, दोन्ही लिहा. गोळ्या ए, म्हणजे मधल्या, भागातून बाहेर जात असतील तर वेळ कमी झाल्याचं कौतुक करू नका. आयपीएससीत गुणांना वेळेने भागतात, तुम्हीही तेच करा.

सर्वांत चांगली मालिका बघायचा मोह होतो. ती बाजूला ठेवून सर्वांत वाईट मालिका बघा. कॉम्पने ती सुधारली असेल तर फायदा खरा. मुरलेल्या नेमबाजाला दोन गोळ्यांमधल्या वेळात सेकंदाचे काही शतांश मिळतात. नवख्याला बहुधा काहीच मिळत नाही, कारण त्याचा वेळ ठिपका शोधण्यात जातो.

मग तीच मालिका एका हाताने, आणि दुबळ्या हाताने. पकड ढिली झाली की कॉम्पवालं पिस्तूल अडखळतं का, हे इथेच कळतं.

ड्यूटीच्या पिस्तुलाला कॉम्प हवं का?

माझं मत: डॉट हवा, कॉम्प बहुतेकांना नको.

डॉटमुळे डोळा लक्ष्यावर राहतो, मागची खाच आणि पुढची माशी जुळवत बसावं लागत नाही. चाळिशीनंतर हा फरक फार मोठा असतो. कॉम्पचा फायदा मात्र वेगाने मारलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला आहे, आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत ड्यूटीच्या जागी जास्त आहे. झटापटीत पिस्तूल छातीजवळ धरून मारावं लागलं तर वर उडणारा वायू आणि दारूचे कण थेट चेहऱ्याकडे येतात. रात्री ज्वाळा नजरेच्या रेषेतच वर उठते. पिस्तुलाखाली टॉर्च असेल तर तिची काच काजळते. एक मॅगझीन संपल्यावर टॉर्च भिंतीवर मारून बघा, प्रकाशाच्या वर्तुळात करडा डाग दिसतो. शेजारी उभ्या सहकाऱ्याच्या कानालाही जास्त आवाज बसतो. हे सगळं चाचणीत मुद्दाम करून बघण्याजोगं आहे, अर्थात चष्मा आणि कानरक्षक लावून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.

शिवाय आपल्याकडे हवालदार किंवा उपनिरीक्षक पिस्तूल स्वतः निवडत नाही. शस्त्रागारातून जे येतं ते वापरायचं. एकच पिस्तूल तीन पाळ्यांत तीन हातांत जाणार असेल, तर जितके भाग कमी तितकं बरं.

किती गोळ्यांनंतर भरवसा ठेवावा?

माझा ढोबळ नियम: सरावाच्या ५०० आणि ड्यूटीच्या २०० गोळ्या, एकही अडथळा न येता. मधे साफ करायचं नाही. टॉर्च लावलेली असावी, आणि ड्यूटीला जी मॅगझीन जाणार आहेत तीच वापरावीत, नंबर टाकून. अडथळा आला तर आधी त्याच मॅगझीनवर संशय घ्या. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे खाजगी माणसाला एवढं जमत नाही. दलांना जमतं, आणि त्यांनी करावंच.

होल्स्टरचं काय?

डॉट, कॉम्प आणि टॉर्च हे तिन्ही लावून बसणारं होल्स्टर हातात आल्याशिवाय पिस्तूल पसंत करू नका. ड्यूटीला कुलूपवालं, डॉटवर झाकण असलेलं हवं. पुढून उघड्या होल्स्टरमध्ये कॉम्प मावतं, पण शिमग्याच्या गर्दीत कोणी बाहेर आलेल्या नळीला हात घालणं परवडणार नाही.

खाऱ्या हवेत देखभाल कशी करावी?

वास्को किंवा कळंगुटसारख्या समुद्रालगतच्या भागात कॉम्पच्या खिडक्यांच्या कडा आणि डॉटचे स्क्रू आधी गंजतात, कारण तिथलं तेल वायूने उडून जातं. दर सत्रानंतर कॉम्प उतरवून आतली काजळी काढा, आट्यांना तेलाचा पातळ हात द्या. काचेला तेल लागू देऊ नका. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल रात्रभर ठेवणं पावसाळ्यात पूर्ण बंद. चामडं ओल धरून ठेवतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला.

माझ्याकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे. परदेशातून कॉम्प मागवून स्थानिक लेथवाल्याकडून बसवलं तर?

करू नका. शस्त्रांचे सुटे भाग कायद्याने शस्त्रातच मोडतात, ते परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत. शस्त्र दुरुस्त करायला किंवा त्यात बदल करायलाही शस्त्र कायदा १९५९खाली वेगळा परवाना लागतो. लेथवाल्याकडे तो नसतो. आणि आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं जोडसामान तर थेट प्रतिबंधित यादीत आहे. ऑनलाइन बाजारात कॉम्प आणि फ्लॅश हायडर एकाच नावाखाली विकतात, कस्टम अधिकारी ते पार्सल कोणत्या डोळ्याने बघेल याचा भरवसा नाही. भरीस भर म्हणजे .३२चं काडतूस इतकं मवाळ की कॉम्पला खायला वायूच मिळत नाही.

निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करावं लागलं तर डॉटचं काय करायचं?

शस्त्र कोणी जमा करायचं हे ठरवणाऱ्या छाननी समितीने तुम्हाला सूट दिली नसेल तर जमा करताना डॉट लावलेला असेल तसा पावतीवर लिहून घ्या, त्याच्या सिरियल नंबरासकट. बॅटरी आधी काढून घरी ठेवा. कोठडीत महिना-दीड महिना पडून राहिलेली बॅटरी दमट हवेत पाझरू शकते. बॅटरी डॉटच्या बुडाशी असेल तर ती काढायला डॉटच उतरवावा लागतो. तसं असल्यास शस्त्र परत मिळाल्यावर पुन्हा टॉर्कने आवळा, नेलपॉलिशची रेघ नव्याने ओढा आणि २५ मीटरवर पाच गोळ्यांनी झिरो तपासा.